पुरुष-संप्रेरक आणि हृदयाचे आरोग्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



हृदयविकार पुरुषांना स्त्रियांपेक्षा साधारणतः काही वर्षे आधीच गाठतो. त्यावरून, पुरुषत्व देणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरकच हृदयाचे वैरी असावे, असा तर्क पुष्कळ काळ चालत आला. त्याची कसोटी अमेरिकेत लागली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना तेथे स्त्री-संप्रेरके देऊन पाहण्यात आली. लाभ तर झाला नाहीच. उलट झटके वाढले आणि अधिक मात्रेचा तो उपचार १९७० साली थांबवावा लागला.

मग पुरुष-संप्रेरक सर्वस्वी निर्दोष म्हणावे काय? तसेही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हे संप्रेरक शरीरात कमी असलेल्या व हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांपैकी निम्म्यांना ते त्वचेवर लावावयास दिले, उरलेल्यांना औषधविरहित लेप. झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण अनुक्रमे ७.० व ७.३ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच भरले. मात्र औषध घेणाऱ्यांत हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे प्रकार अधिक आढळले.

स्त्रीच्या शरीरातही हे संप्रेरक अल्प प्रमाणात असतेच. ते वाढले की पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर केस येतात. आणि पुष्कळदा त्याच्या जोडीने मधुमेह, रक्तदाब व रक्तातील चरबीचे विकारही येतात. हीच हृदयरोगाची पूर्वतयारी होय.

तात्पर्य, वैरी संप्रेरक नव्हे. त्याचे बिघडलेले प्रमाण हा वैरी आहे.

आमचे सांगणे दोनच गोष्टींचे आहे. व्यायामशाळेतील कोणाच्या सल्ल्याने आमचे तरुण अशी इंजेक्शने टोचून घेतात. त्यांनी दंड फुगतात खरे. परंतु हितकर चरबी घटते, हृदयाचे स्नायू जाड होतात आणि शरीरातील स्वतःची निर्मितीही मंदावते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. कन्येची उपरोक्त लक्षणे विवाह जमेपर्यंत झाकून ठेवण्याची रीत आपल्या घरांत आहे. स्थळ हातचे जाईल या भीतीने उपचाराची मोलाची वर्षे मात्र हातची जातात.

मातापित्यांनी हा संकोच सोडावा, कन्येला वेळीच वैद्यकीय सल्ला मिळवून द्यावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.