बांध नसलेलं गाव

आमचे अब्बा आणि शेजारच्या रानाचे तात्या यांची कोर्टात अठरा वर्षं केस चालली. भांडण कशाचं, तर दीड हात बांधाचं. एका साली एकाचा नांगर जरा आत गेला, पुढच्या साली दुसऱ्यानं बांध कोरला. मग ईदला तात्यांकडे शीरखुर्मा जाईना आणि दिवाळीला त्यांचा फराळ आमच्याकडे येईना. मोजणी झाली, फेरमोजणी झाली. निकाल लागला तेव्हा दोघंही हयात नव्हते.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते इंग्लंडमधल्या एका खेड्यात. माझी भाची नॉटिंगहॅमला राहते. ‘मामू, तुम्ही शेतकऱ्याघरचे, तुम्हाला एक गाव दाखवते,’ म्हणाली आणि एका उन्हाळी सकाळी लॅक्स्टनला घेऊन गेली.

गाव लहानसंच. लाल विटांची घरं रस्त्याच्या कडेनं एकमेकांच्या सोबतीनं उभी. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्याचं घर त्याच्या शेतात एकटं असतं. इथं मात्र आपल्या गावठाणासारखं घरं गावात आणि शेतं बाहेर. सेंट मायकेलचं जुनं चर्च आहे. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या गढीचा गवतानं झाकलेला उंचवटा आहे. ‘डव्हकोट इन’ नावाची खानावळवजा पबची जागा आहे आणि तिच्या शेजारी गावच्या शेतीची माहिती देणारं छोटं संग्रहालय. सोयी म्हणाव्यात तर एवढ्याच. पण गावाची खरी दौलत बाहेर, शेतात आहे.

वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी इथं तीन मोठी रानं आहेत. त्यांत ना कुंपण, ना बांध. एकेका रानात अनेकांच्या लांबट पट्ट्या शेजारी शेजारी. प्रत्येकाचा वाटा तिन्ही रानांत विखुरलेला, म्हणजे चांगली-वाईट माती सगळ्यांच्या वाट्याला येते. एका रानात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसऱ्याला विसावा. दरवर्षी पाळी बदलते. जिथं नांगर चालत नाही अशा ओलसर पट्ट्या गवताला सोडलेल्या. त्यांना तिथं ‘साइक’ म्हणतात. उन्हाळ्यात त्या रानफुलांनी भरतात आणि तिथल्या गवताचा लिलाव होतो.

एकेकाळी इंग्लंडच्या मोठ्या भागात अशीच शेती होती. पुढे, विशेषतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, पार्लमेंटनं हजारो कायदे करून अशी रानं वाटून कुंपणात घातली. गरिबाची गाय चरायची ती जागा गेली, अनेकजण मजुरीला लागले. लॅक्स्टन त्यातून वाचलं. 1635 साली मार्क पिअर्सनं काढलेला या गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्टी न् पट्टी दाखवली आहे.

आता तुम्ही विचाराल, बांध नाही तर भांडण कसं होत नाही? भांडण होतंच. पण त्याची सोय आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले पंच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गव्हाच्या रानात जातात. कुणाचा नांगर शेजाऱ्याच्या पट्टीत किंवा वाटेत घुसला का, हे डोळ्यांनी पाहतात आणि हद्दीवर लाकडी खुंट ठोकतात. आठवड्याभरानं पबमध्ये गावाची ‘कोर्ट लीट’ भरते, चुकलेल्याला किरकोळ दंड होतो. 1977 साली कायद्यानं इंग्लंडमधल्या अशा बहुतेक जुन्या न्यायसभांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनचे मात्र राखले.

हे रामराज्य आहे, असं मी म्हणणार नाही. पंच शेतकरी असले तरी जमीन त्यांची नाही, ते कुळं आहेत. मालकी मॅनव्हर्सच्या अर्लकडे होती. 1952 साली सरकारनं ती विकत घेतली, 1981 मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली आणि 2020 मध्ये त्याच घराण्याच्या थोर्सबी इस्टेटकडे परत आली. आपलाही गावगाडा काही गोडगुलाबी नव्हता. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहून त्यातलं दुखणं उघडं केलंच आहे. आपल्या पंचांसमोर सगळ्यांना सारखं बसता येत नव्हतं. तेव्हा जुनं ते सगळं परत आणा, असं माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हद्द कागदावर असते तशी ती शेजाऱ्यांच्या डोळ्यांतही असावी लागते. लॅक्स्टनमध्ये वर्षातून एकदा माणसं एकत्र रानात जातात, खुंट ठोकतात आणि मग एका टेबलाशी जेवायला बसतात.

साउथ फील्डच्या कडेला मी बराच वेळ उभा होतो. भाची म्हणाली, ‘काय पाहताय, मामू?’ मी म्हणालो, ‘काही नाही.’ खरं तर मला त्या ट्रॉलीत अब्बा आणि तात्या शेजारी शेजारी बसलेले दिसत होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)