कर देणाऱ्याने हिशेब मागावा
(करकंब, ता. पंढरपूर, जि. सोलापूर येथे ग्रामस्थ व कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय वरकरणी रूक्ष आहे. कर, सरकारी खर्च आणि त्यांच्याविरुद्ध उभी राहणारी आंदोलने. कर कोणालाच आवडत नाही आणि सरकार पैसा उधळते, यावर कोणाचे दुमत नसते. त्यामुळे या विषयावर टाळ्या मिळवणे अगदी सोपे आहे. परंतु टाळ्या मिळाल्याने समाज शहाणा होतोच असे नाही. म्हणून आज थोडा अवघड प्रश्न मांडावा असे वाटते. कराविरुद्धचे आंदोलन राष्ट्राच्या बळात भर केव्हा घालते आणि राष्ट्राला दुबळे केव्हा करते?

राज्याने कर घ्यावा, पण प्रजा पिळून निघू नये, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मधमाशी फुलाला न दुखवता मध घेते, तसा राजाने कर घ्यावा, असा उपदेश महाभारताच्या शांतिपर्वात भीष्मांनी युधिष्ठिराला केला आहे. कौटिल्य तर त्याच्याही पुढे गेला. अधिकारी सरकारी पैसा कसा गिळंकृत करतात, याचे चाळीस प्रकार त्याने अर्थशास्त्रात नोंदवून ठेवले. म्हणजे कर किती घ्यावा आणि घेतलेल्या कराचे पुढे काय होते, या दोन्ही प्रश्नांचा विचार आपल्या पूर्वजांनी केला होता. पुढील काळात आपले लक्ष पहिल्या प्रश्नावर राहिले आणि दुसरा मागे पडला.

काही कर मुळातच अन्यायाचे असतात. त्यांच्या बाबतीत हिशेबाचा प्रश्नच उद्भवत नाही, तेथे विरोध हेच कर्तव्य ठरते. औरंगजेबाने १६७९ साली हिंदूंवर जिझिया पुन्हा लादला, तेव्हा दिल्लीची सामान्य प्रजा लाल किल्ला आणि जामा मशीद यांच्या दरम्यान दाद मागण्यासाठी जमली. त्या निःशस्त्र जमावावर हत्ती घालण्यात आले. या कराचा निषेध करणारे शिवछत्रपतींचे म्हणून प्रसिद्ध असलेले फारसी पत्र अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्या पत्रातला स्वर विनवणीचा नाही. सर्व प्रजेकडे समदृष्टीने पाहणे हा राज्यकर्त्याचा धर्म आहे आणि गरिबांकडून असा कर गोळा करणे हे बादशाहीला कमीपणा आणणारे आहे, हे त्यात निर्भीडपणे सांगितले आहे. तोच औरंगजेब पुढे १६९५ ते १६९९ या काळात आपल्याच जिल्ह्यात, मंगळवेढ्याजवळ भीमाकाठी ब्रह्मपुरीला तळ देऊन बसला होता. स्वराज्य त्याला जिंकता आले नाही आणि जिझिया त्याच्या वारसांनाच सोडून द्यावा लागला.

परंतु असा उघड अन्यायाचा कर इतिहासात क्वचितच येतो. अधिक वेळा कराचे कारण चांगले सांगितले जाते आणि पैसा भलतीकडे जातो. याचे ठळक उदाहरण १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाचे आहे. त्या दुष्काळात आपला सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी अर्थात सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या संस्थेने, जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाची माहिती जमवली आणि सरकारपुढे मांडली. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुराची मजुरी रोजी सुमारे एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा इतकी खाली आणली. तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो उपाशी मजुरांनी कामे सोडून निषेध केला. त्यांच्या मागे सार्वजनिक सभा उभी राहिली. इकडे माणसे अन्नान्न करीत असताना १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित करणारा थाटाचा दरबार भरला. त्या झगमगाटात सार्वजनिक काका हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले.

दुष्काळ सरल्यावर सरकारने पुढील दुष्काळांसाठी म्हणून वर्षाला दीड कोटी रुपयांची तरतूद करण्याचे जाहीर केले आणि त्यासाठी व्यापारधंद्यावर लायसेन्स टॅक्स बसवला. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद केली, दंगल उसळली आणि गोळीबार झाला. हा पैसा दुष्काळाखेरीज अन्यत्र खर्च होणार नाही, असा शब्द व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाण युद्ध पेटले आणि १८७९ च्या अंदाजपत्रकात ही दुष्काळाची तरतूदच स्थगित झाली. कर मात्र चालूच राहिला.

सुरतेची दंगल चार दिवसांत विझली. पण हा पैसा गेला कोठे, हा प्रश्न आपल्या विचारवंतांनी विझू दिला नाही. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे आणि सरकारी शाळेत मुख्याध्यापक असलेले गणेश व्यंकटेश जोशी यांनी सरकारचेच अहवाल उघडून सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. याच अभ्यासाच्या बळावर १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे साक्षीला उभे राहिले. गोखल्यांच्या मवाळ मार्गाशी ज्यांचे पटले नाही, त्यांनाही त्या अभ्यासाचे ऋण मान्य करावे लागेल.

लोकमान्यांनी यापुढचे पाऊल टाकले. १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा सरकारचा दुष्काळविषयक कायदा इंग्रजीत होता आणि शेतकऱ्याला तो ठाऊक नव्हता. पीक बुडाल्यास सारा तहकूब किंवा माफ करण्याची तरतूद नियमांतच होती. लोकमान्यांनी ते नियम मराठीत आणले, ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत गावोगाव पोहोचवले. ज्याचे पीक बुडाले आहे त्याने कर्ज काढून किंवा घरातली भांडी विकून सारा भरू नये, कायद्याने मिळणारी सवलत निर्भयपणे मागावी, हा त्यांचा उपदेश होता. सोलापूरच्या विणकरांना मदत मिळावी म्हणून ते येथेही आले आणि योजना आखली. सरकारने ती नाकारली. कार्यकर्त्यांवर खटले झाले आणि १८९७ साली सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. स्वतःचा कायदा जाणणाऱ्या शेतकऱ्याची सरकारला किती धास्ती वाटते, हे त्यावरून दिसते.

१९३० साली आंदोलनाने आणखी उंची गाठली. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे रोजी सोलापुरात लोक शिंदीची झाडे तोडण्यास निघाले, कारण शिंदीतून सरकारला अबकारी उत्पन्न मिळत होते. गोळीबार झाला, पुढे मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फासावर गेले. त्याच १९३० च्या जुलै महिन्यात डॉ. हेडगेवार यांनी सरसंघचालकपदाची जबाबदारी डॉ. परांजपे यांच्याकडे सोपवून यवतमाळ येथे जंगल सत्याग्रह केला आणि त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. कायदा मोडणारा त्याची शिक्षा स्वतःच्या अंगावर घेत होता. इतरांच्या मालमत्तेवर त्याचा भुर्दंड टाकत नव्हता.

मित्रहो, स्वातंत्र्यानंतर एक मूलभूत फरक पडला. तिजोरी आपली झाली. परक्या सरकारचे उत्पन्न बुडवणे हे तेव्हा देशकार्य होते. आज एस.टी.ची काच फुटली, तर ती भरून निघते आपल्याच पैशातून. अनेकांच्या मनातले आंदोलन मात्र अजून १९३० च्याच काळात वावरते.

कोल्हापूरच्या टोलचे उदाहरण ताजे आहे. शहरातल्या रस्त्यांसाठी नागरिकांवर लादलेल्या टोलविरुद्ध सारे शहर एकवटले. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे हे या आंदोलनाचे नेते होते. त्यांची विचारसरणी आपल्याला मान्य नाही, परंतु त्यांची चिकाटी मान्य केली पाहिजे. रस्ते कसे झाले, खर्च खरोखर किती आला, हे प्रश्न त्यांनी लावून धरले आणि रस्त्यांचे फेरमूल्यांकन करवून घेतले. हा त्या लढ्याचा मोलाचा भाग होता. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके जाळण्यात आले, तो भाग अनुकरणीय नव्हे. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि कोल्हापुरात आनंदोत्सव झाला. मात्र कंपनीची भरपाई शासनाच्या तिजोरीतून करण्यात आली. म्हणजे कोल्हापूरच्या रस्त्याचा काही भार करकंबच्या दुकानदारानेही उचलला. कर रद्द झाला म्हणजे खर्च रद्द होत नाही, तो दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, हे आंदोलन करताना ध्यानात ठेवावे लागते.

याच्या उलट उदाहरण पाहा. नोकरदारांच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये हा कर आला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या योजनेने महाराष्ट्रातील लक्षावधी कष्टकऱ्यांच्या घरची चूल पेटती ठेवली आणि पुढे तिला १९७७ च्या कायद्याचे अधिष्ठान मिळाले. शहरातल्या कारकुनाने खेड्यातल्या मजुरासाठी द्यावयाचा हा पैसा होता. समाज एकरस असला म्हणजे असा कर जड वाटत नाही. परंतु पैसा त्याच कामी लागतो का, हे विचारणारे किती निघाले? २०१५ मध्ये दुष्काळासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार आला. आपण पंपावर कुरकुर केली आणि टाकी भरून निघालो. १८७९ ची आठवण आपल्यापैकी कितीजणांना झाली?

आता आपल्या गावाकडे येऊ. पंढरपूर-माढ्याच्या शिवारात ऊस उभा आहे तो उजनीच्या पाण्यावर. ते धरण साऱ्या राज्याच्या करातून उभे राहिले आणि त्याखाली ज्यांची गावे बुडाली त्यांच्या त्यागावर उभे आहे. सरकारी खर्चाचा लाभ आपण घेतलेला आहे, म्हणून खर्चाची चौकशी करण्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

ग्रामपंचायतीचा कर हा आपल्या सर्वांत जवळचा कर. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती. कायद्यानुसार वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षाचा विकास आराखडा आणि लेखापरीक्षणातील आक्षेप ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. गणपूर्ती किती? मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. मोठ्या गावात फक्त शंभर माणसे! तेवढीही जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. मग दहा-वीस लोकांत वर्षाचा हिशेब मंजूर होतो आणि उरलेले गाव वर्षभर पारावर बसून त्याच हिशेबावर टीका करते. महिलांची स्वतंत्र सभा कायद्याने आहे. तेथे पाणीपट्टीचा विषय निघाला तर माता-भगिनी पुरुषांपेक्षा नेमके प्रश्न विचारतील, कारण नळ किती दिवसांनी येतो हे त्यांनाच पक्के ठाऊक असते.

म्हणून कार्यकर्त्यांना चार गोष्टी सुचवतो. पहिली, आपली पट्टी वेळेत भरावी आणि पावती जपून ठेवावी. ज्याची तीन वर्षांची थकबाकी आहे, त्याचा प्रश्न कितीही रास्त असला तरी ग्रामपंचायत आधी थकबाकीवर बोट ठेवते. दुसरी, आकारणी चुकीची वाटली तर नमुना नंबर आठचा उतारा काढून लेखी हरकत घ्यावी. तिसरी, प्रत्येक गल्लीतून पाच-पाच घरे ग्रामसभेला नेण्याचे काम कोणीतरी अंगावर घ्यावे. त्यात पक्ष पाहू नये, जात पाहू नये. चौथी, दोन तरुणांनी जमाखर्च वाचायला शिकावे. वित्त आयोगाच्या निधीचा ग्रामपंचायतनिहाय तपशील केंद्राच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पाहता येतो. तेथे न मिळालेली माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार दहा रुपयांत मागता येते. गोखले-जोशींनी ब्रिटिशांच्या निळ्या पुस्तकांतून जे शोधले, त्यापेक्षा हे काम कितीतरी सोपे आहे.

एवढे करूनही दाद लागली नाही, तर अवश्य आंदोलन करावे, मोर्चा काढावा, उपोषणास बसावे. तेव्हा हातात पट्टीची पावती असेल, हिशेबाचा कागद असेल आणि मागे शंभर घरे असतील. अशा आंदोलनाला कोणतेही सरकार, मग ते कोणत्याही पक्षाचे असो, टाळू शकत नाही. आपल्या विचाराचे सरकार असेल तर प्रश्न विचारू नये, असे वाटणाऱ्यांना एवढेच सांगेन की हिशेब मागण्याने आपले सरकार दुबळे होत नाही, त्याच्या भोवती जमणाऱ्या लाचखोरांना आळा बसतो.

पुढची ग्रामसभा जेव्हा असेल, तेव्हा या सभागृहातील प्रत्येक कुटुंबातून एक जण तेथे हजर असावा, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.

भारत माता की जय!