भीती असली तरी जा



फौजेत तीस वर्षं काढली. गोळीबारात पुढे गेलो. पण निवृत्तीनंतर इथे पानिपतला समोरच्या घराची बेल वाजवायला मला तीन दिवस लागले.

शेजाऱ्यांचा तरुण मुलगा वारला होता. गाडी लावण्यावरून आमचं बोलणं बंद होतं. प्रार्थनेत रोज एकच गोष्ट मनात येई : जा, त्यांच्याजवळ बस. मी म्हणे, हाकलून दिलं तर?

तेव्हा पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले होते. तरी १८९७ साली त्या दुष्काळी मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. हनन्यालाही शौलाची भीती वाटत होती. पण तो गेला आणि त्याला भाऊ म्हणाला.

चौथ्या दिवशी मी गेलो. छाती धडधडत होती. काय बोलावं सुचेना. शेजारी एवढंच म्हणाले, “कर्नलसाब, बैठिए.” तासभर आम्ही गप्प बसलो.

भीती गेली की आज्ञा पाळू, असं म्हणू नका. तुमच्या मनात कोणाचं नाव येतंय? आजच जा. प्रभू सोबत आहे. आमेन.