हिमनदीची निवड

वागळे इस्टेटीतील कारखान्यात हयात घालवून निवृत्त झालेल्या ज्या गृहस्थांनी सारी पुंजी अलास्काच्या जलसफरीवर खर्चण्याचा मनसुबा केला असेल, त्यांनी जहाजावरील भोजनगृहांची रसभरित वर्णने वाचण्यापूर्वी ते जहाज कोणत्या हिमनदीसमोर थांबते, याची तहकिकात करावी. ग्लेशियर बे या संरक्षित उपसागरात दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना परवाना मिळत असल्याने तेथील मार्जरी हिमनदीचे दर्शन निवांतपणे घडते. सुमारे १२० किलोमीटर लांबीची हबर्ड अधिक भव्य खरी, परंतु तरंगत्या हिमखंडांनी वाट अडविली, तर कप्तान दुरूनच माघारी फिरतो. जूनोजवळची मेंडेनहॉल समुद्राला मिळतच नाही. तिच्यासाठी किनाऱ्यावर उतरून मोटारीने जावे लागते. आमची शिफारस मार्जरीची. आणि कानटोपी जुलैतही विसरू नये.