शब्द कोणाचा मानावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीस बाईंनी मला श्रद्धेवर चार शब्द बोलायला सांगितले. मी सातवी शिकलेली, चूल-संसार सांभाळणारी बाई. शास्त्रपुराणातलं ज्ञान मजजवळ नाही. पण देव्हारा घरात आहे, उपासतापास आहेत, आणि ‘धर्मात असं सांगितलंय’ हे वाक्य तर लहानपणापासून कानावर आहे. तेव्हा धर्मात सांगितलंय म्हणजे नेमकं कोणी सांगितलंय, आणि त्याचा शब्द आपण का मानावा, एवढ्याच प्रश्नावर बोलते.

आपण शब्द मानतो तो घरातल्या वडीलधाऱ्यांचा, पोथी सांगणाऱ्यांचा आणि गादीवर बसलेल्या बुवा-महाराजांचा. तिघांविषयी आदर असावा. परंतु बाजारात आपण वांगंसुद्धा उलटून-पालटून, कीड नाही ना हे पाहून घेतो. मग जन्मभर पाळायचा नियम न पारखता का घ्यावा?

ही पारख कशी करावी ते आपल्याला वऱ्हाडातल्याच गाडगेबाबांनी दाखवलं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळा शिकले नाहीत. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं. गावात आले की आधी रस्ते झाडायचे, आणि मग रात्री कीर्तनात लोकांची मनं झाडायचे. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुका जीव कापू नका, पोरांना शाळेत घाला, असं सांगायचे. कोणी पाया पडायला आलं तर पडू देत नसत. चेला केला नाही, गादी मांडली नाही. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणखी कितीतरी बांधल्या. त्यांपैकी एकीवरही स्वतःचा किंवा घरच्यांचा हक्क ठेवला नाही.

संसारात होते तेव्हाची गोष्ट. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचं जेवण घालायची त्यांच्या जातीत रीत होती. त्यांनी ती मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. जातभाई रागावतील हे का त्यांना ठाऊक नव्हतं? पण लोकांना पुढे जे सांगायचं होतं ते त्यांनी आधी स्वतःच्या घरी केलं. 1956 साली ते गेले. आज आपल्या मुली ज्या विद्यापीठाच्या परीक्षा देतात त्याला त्यांचं नाव आहे.

त्यांच्या चरित्रावरून मी माझ्यापुरते दोन प्रश्न काढले आहेत. एक, जो नियम सांगतो तो स्वतः त्याची झळ सोसतो का? दोन, त्या नियमाने निरपराध माणसाच्या जिवाला दुःख होतं का?

आता आपल्या हळदीकुंकवाकडे वळते. कोणाला राग आला तर क्षमा असावी. आपल्या मंडळात एक भगिनी आहे. वर्षभर हिशेब तीच लिहिते, सतरंज्या तीच मोजून घेते. संक्रांतीच्या दिवशी मात्र ती आपण होऊन आतल्या खोलीत तिळगुळाच्या पुड्या बांधत बसते, कारण तिचे मालक वारले आहेत. तिचा अपराध कोणता? आणि तिला आत बसवणाऱ्या आम्ही सवाष्णी त्यात काय सोसतो? दोन्ही प्रश्नांत हा नियम नापास होतो.

आपल्या जिल्ह्यात तर कर्जापायी घरधनी गेलेल्या शेतकरणी गावोगाव आहेत. त्या शेत कसतात, पोरं शिकवतात, सावकाराला आणि बँकेला तोंड देतात. 2019 साली यवतमाळात 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. आधीच्या पाहुण्यांचं निमंत्रण मागे घेतल्यावरून मोठा वाद झाला. शेवटी उद्घाटन झालं ते राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. एवढ्या विद्वानांच्या मेळ्यात, सरस्वतीच्या दारी, त्यांचा हात चालला. मग आपल्या कुंकवाच्या करंड्याला तो का चालू नये?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 4 मे 2022 रोजी ठराव केला, की पती वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं पत्रक काढलं. पण कागद उंबऱ्यापर्यंत येतो. उंबऱ्याच्या आत आपलंच राज्य असतं.

कोणी म्हणतील, असं प्रत्येकीने पारखायला घेतलं तर धर्म उरणार कसा? शंका खोटी नाही. सासूबाईंनी शिकवलेलं सगळंच टाकायला निघालो तर घराला वळण राहणार नाही. मी उपास सोडा म्हणत नाही, वारी सोडा म्हणत नाही. पण 1947 सालच्या मे महिन्यात पंढरीचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी दहा दिवस प्राण पणाला लावले, तेव्हाही देव बाटेल, धर्म बुडेल असं म्हणणारे होतेच. देऊळ उघडलं. विठोबा आहे तिथेच विटेवर उभा आहे, आणि वारी दरसाल वाढतेच आहे. गुरुजींजवळ ना गादी होती ना अधिकार. त्यांनी उपास दुसऱ्याला सांगितला नाही, स्वतः केला. म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आलं.

तेव्हा माझी मंडळापुढे एक विनंती आहे. येत्या संक्रांतीच्या बोलावण्यात ‘सवाष्णींनी यावे’ असं न लिहिता ‘सर्व भगिनींनी यावे’ असं लिहावं. आणि पहिलं वाण, तिची इच्छा असेल तर, त्या हिशेब लिहिणाऱ्या बहिणीच्या हातून द्यावं. जिच्या मनाला पटणार नाही तिच्यावर जबरदस्ती नाही. तिने घरी जाऊन देव्हाऱ्यापुढे बसावं आणि हे दोन प्रश्न स्वतःलाच विचारावेत. मला त्यांचं जे उत्तर मिळालं ते मी आपल्यापुढे ठेवलं.