बंदीचा कागद दाखवा

स्वागताध्यक्षानं पाहुण्यांची विचारपूस करून लवकर खाली बसावं, हा संकेत मला ठाऊक आहे. पण पुण्यातली ही परिषद इंटरनेट आणि नागरी स्वातंत्र्यावर असल्यानं एक मुद्दा आधीच मांडून ठेवतो. नियमन हवं की नको, या वादात आपण दोन दिवस खर्ची घालू नयेत. नियमन असणारच. ज्याचं लिखाण हटवलं, ज्याच्या तालुक्याचं इंटरनेट बंद केलं, त्याला कारणांसह लेखी आदेश मिळतो का आणि त्याविरुद्ध दाद मागता येते का, हा खरा प्रश्न आहे. पुण्याला तो नवा नाही. १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटननं देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी कायदा केला. इंग्रजी पत्रं त्यातून वगळली होती, हा पक्षपात आपण शाळेत शिकलो. त्याहून जाचक तरतूद मात्र फारशी कुणी सांगत नाही: मॅजिस्ट्रेटची कारवाई अंतिम, न्यायालयात दाद नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि ती पोस्ट ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ देशभर गाजलं ते यामुळे. २४ मार्च २०१५ रोजी ‘श्रेया सिंघल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं. तरी त्याखाली गुन्हे नोंदवणं थांबेना, म्हणून २०२२मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. हे सगळं आपल्याला पाठ आहे. त्याच निकालात संकेतस्थळं आणि मजकूर रोखण्याचा अधिकार देणारं कलम ६९अ मात्र कायम राहिलं, याचा आपल्याला विसर पडतो. न्यायालयाच्या लेखी त्यात पुरेसे बंध होते: कारणं लेखी नोंदवायची, सुनावणी द्यायची आणि त्या नोंदीच्या आधारे पुढे उच्च न्यायालयात जाता यावं. पण या कलमाखालच्या २००९च्या नियमांतला सोळावा नियम तक्रार आणि कारवाई, दोन्हीबाबत कडक गुप्तता पाळायला सांगतो. ज्या कागदाच्या भरवशावर कलम वाचलं, तोच कागद कपाटात कुलूपबंद.

प्रत्यक्षात लेखकाला दिसते ती पडद्यावरची एक ओळ. कायदेशीर मागणीवरून हा मजकूर भारतात उपलब्ध नाही, एवढीच. मागणी कुणाची, कोणत्या कलमाखाली, कोणत्या वाक्यावर आक्षेप, काहीही नाही. बेकायदा बांधकाम पाडतानाही महापालिका आधी नोटीस चिकटवते. लेखाला तेवढाही मान नाही. गृह मंत्रालयाच्या ‘सहयोग’ पोर्टलमुळे तर कलम ६९अची वाटही टाळता येते. कंपन्यांच्या जबाबदारीबाबतच्या कलम ७९च्या आधारे अधिकारी थेट कंपनीला मजकूर काढायला कळवतात. ‘एक्स’ कंपनीनं त्याला दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५मध्ये फेटाळलं. पुढच्याच महिन्यात केंद्रानं नियम सुधारले: असं कळवणारा अधिकारी वरिष्ठ असावा, त्यानं कायदेशीर आधार आणि नेमका दुवा नमूद करावा. सुधारणा चांगलीच आहे, ती मोकळेपणानं मान्य करू. म्हणजे कारणं लिहिता येतात, त्यानं राज्यकारभार अडत नाही. मग ती कंपनीच्या टेबलावरच का थांबावीत? ज्यानं लिहिलं त्याला एक प्रत पाठवायला काय हरकत आहे?

इंटरनेट बंदीचीही हीच कथा आहे. ऑगस्ट २०१९पासून जम्मू-काश्मीरमध्ये इंटरनेट बंद होतं. ‘अनुराधा भसीन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बंदीचे आदेश समोर मागितले, तेव्हा सरकारनं ते सगळे सादरही केले नाहीत. १० जानेवारी २०२०च्या निकालानं बेमुदत बंदी अमान्य केली आणि आदेश प्रसिद्ध करायला सांगितलं. नव्या दूरसंचार कायद्याखालच्या २०२४च्या नियमांतही कारणांसह प्रसिद्धी आणि पंधरा दिवसांची कमाल मर्यादा आहे. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात बीड-जालन्यानं अशी बंदी अनुभवली. अशा दिवशी फक्त रील थांबत नाहीत. भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड नुसता पुठ्ठा होऊन बसतो. इतकं जिव्हारी लागणारं पाऊल उचलताना त्याचा आदेश जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकणं हे फार मोठं मागणं नाही.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप आपल्याच राज्यातला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेपायी जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. अशा वेळी कागदपत्रं रंगवत बसायचं का, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न उडवून लावू नये. तातडीच्या प्रसंगी आधी कारवाई आणि लगोलग आदेश, हे मान्य करायला हवं. नियमांतही तातडीची वाट आहे. पण राईनपाड्यानंतर काय झालं, तेही पाहा. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाच जणांना किंवा गटांनाच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. कुणाचंही तोंड न दाबता अफवेचा वेग कमी करण्याचा तो एक मार्ग होता. उलट इंटरनेटच बंद केलं, तर अफवा तोंडोतोंडी पसरतेच आणि पोलिसांचा खुलासा तेवढा अडकून पडतो.

दुसरा आक्षेप असा, की सरकारपेक्षा कंपन्याच जास्त मुजोर आहेत. खरं आहे. त्यांनाही विनाकारण खातं बंद करता येऊ नये, इथवर मी सरकारच्या बाजूचा. पण सरकार स्वतःच्याच कारभाराबद्दलचं खरंखोटं ठरवू लागलं, तर ते कंपन्यांचं नियमन राहत नाही. माहिती तंत्रज्ञान नियमांच्या २०२३च्या दुरुस्तीनं केंद्राच्या तथ्य-तपासणी कक्षाला तो अधिकार देऊ केला होता. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं, प्रकरण तिसऱ्यांकडे गेलं आणि सप्टेंबर २०२४मध्ये ती दुरुस्ती रद्द झाली. हे घडू शकलं, कारण तो नियम राजपत्रात छापलेला होता. आव्हान द्यायला काहीतरी हातात होतं. देशाच्या सुरक्षेचं काय, या प्रश्नाचंही उत्तर याच्या जवळपास आहे. संवेदनशील भाग झाकून उरलेला आदेश देता येतो, आणि तो झाकणं योग्य होतं का, हे न्यायालयाला तपासता येतं.

ठरावाचा मसुदा आपल्या हातात दिलाच आहे. त्यातल्या एका कलमावर आमच्या समितीतही एकमत झालं नाही: हटवलेल्या मजकुराच्या आदेशाची प्रत लेखकाला किती तासांत मिळावी? वकील मंडळी अठ्ठेचाळीस म्हणतात, पत्रकार चोवीसावर अडून आहेत. ती जागा मुद्दाम कोरी सोडली आहे. दुपारच्या सत्रात सभागृहानंच ती भरावी.