पांढरा उजेड आणि तो घडविणारे हात



विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "युनियनचा माणूस दिव्यांवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आमची शाळा सातवीवर सुटली. पुढचे जे काही, ते वाचनालयातले. पण दिवा कोणी तरी घडवितो, आणि घडविणाऱ्यांशी आमचा संबंध जन्माचा आहे.

उजेडाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावे येतात, कामगारांची येत नाहीत. १८८८ साली लंडनमध्ये आगपेट्या करणाऱ्या मुलींनी संप केला. त्या काळी काडीला पांढरा फॉस्फरस लागे आणि त्याच्या वाफेने जबड्याचे हाड कुजे. तो वर्ज्य करणारा बर्नचा करार झाला १९०६ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. पुढे अमेरिकेत ट्यूबलाइटच्या आतल्या लेपात बेरिलियम घालीत. मॅसॅच्युसेट्समधील सेलमच्या कामगारांची फुप्फुसे त्याने निकामी झाली. १९४९ मध्ये त्याचा वापर थांबला. दोन्ही वेळा माल आधी बाजारात आला आणि चौकशी मागून झाली.

आता नवा दिवा येऊ पाहात आहे. प्लास्टिक वीज वाहात नाही अशी आपली समजूत. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी ती खोटी पाडली. २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी एका पॉलिमरच्या पातळ थरातून वीज सोडली, तर तो हिरवट पिवळा उजळला. पॉलिमर म्हणजे सारख्या मण्यांची लांबच लांब माळ.

पण घराला पांढरा उजेड हवा. निळा आणि नारिंगी असे दोन पॉलिमर नीट प्रमाणात उजळले, तर डोळ्याला पांढरे दिसते. अडचण अशी की, दोन्ही एकाच थरात कालविले की निळ्याची ऊर्जा शेजारच्या नारिंगीकडे ओघळते, जसे पाणी सखल भागाकडे. निळा विझतो आणि दिवा तांबूस पडतो. ही ओघळ दहाएक नॅनोमीटरच्या पलीकडे पोचत नाही. म्हणून प्रत्येक रंगाचे कण वेगळे ठेवावयाचे, ही युक्ती. पॉलिमर द्रावकात विरघळवितात आणि घुसळत्या पाण्यात झटकन सोडतात. माळा अंग चोरून गोळा होतात. काही दशक नॅनोमीटरचे कण बनतात. केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास, यावरून कल्पना करावी. हे पाणी शाईसारखे छापता येते.

ही गोष्ट अजून मुख्यतः प्रयोगशाळेतली आहे. दुसऱ्या एका रीतीत कण सुटे राहावेत म्हणून साबणासारखा पदार्थ घालतात, आणि तोच विजेला अडवितो. निळा पॉलिमर हवेने बिघडून हिरवट होतो.

मग आम्हांला यात रस का? एका रंगाच्या कारखान्यात आम्ही द्रावकांच्या वासात दिवस काढले आहेत. पाळी सुटताना डोके जड होई, आणि साहेब म्हणत, सवय होईल. आमच्या एका सोबत्याला सवय झाली नाही. त्याने चाळिशीच्या आत काम सोडले. पॉलिमरचे थर एरवी टोल्युइन, क्लोरोबेंझीन अशा द्रावकांतून घालतात. त्या जागी पाणी आले, तर छापणाऱ्याच्या छातीवरचा भार उतरेल. या शोधाचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. कण करताना द्रावक लागतोच; तो नंतर उडवून लावतात. म्हणजे धोका नाहीसा झाला नाही, छापखान्यातून कण बनविणाऱ्या खात्यात गेला. तिथेही माणूसच उभा असणार. तो द्रावक बंद नळीतून परत गोळा होणार की त्याच्या श्वासात जाणार? पाण्यातले कण उडत नाहीत. सांडून वाळले तर त्यांची धूळ कोण झाडणार? हे प्रश्न कारखाना उभा राहण्यापूर्वी विचारले, तर उत्तर स्वस्तात मिळते. मागाहून विचारले, तर त्याची किंमत कामगार देतो.

विज्ञानाला आमचा विरोध नाही; आमच्या घरीही अंधार होता. दिव्याखाली अंधार ही म्हण या दिव्यापुरती तरी खोटी ठरावी, एवढीच आमची मागणी आहे.